घर पाहावे, पण श्रावणात

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण शिकविताना मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो, की यातले ‘पाहावे’ म्हणजे डोळ्यांनी पाहणे नव्हे. अनुभव घेऊन पाहणे. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींचे सर्वांत थोरले बंधू नागपूरहून सेलूला आले, आणि माझ्या व्याकरणाला धक्का बसला.

मेहुणे नुकतेच निवृत्त झालेले. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून आमच्या बाजूच्या घरांची चौकशी नागपूरकर जरा अधिकच आस्थेने करतात. “जावईबापू, इथे एक घर घेतो आणि भाड्याने देतो. बँकेच्या व्याजापेक्षा बरे!” फराळाच्या ताटावरच त्यांनी जाहीर केले.

घर पाहिलेलेही होते. नवा पिस्तई रंग, दारी आकाशकंदील, अंगणात रांगोळी. अशा घरात दोष काढणे म्हणजे नव्या नवरीची उंची मोजण्याइतके अप्रशस्त! पण आमच्या शेजारी एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांना असला संकोच नाही. खिशात ओलंबा आणि एक रुपयाचे नाणे घेऊन ते आमच्याबरोबर निघाले.

नाण्याने त्यांनी भिंतीवर टकटक केली. गिलावा घट्ट असेल तर आवाज भरीव येतो, सुटलेला असेल तर पोकळ. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी कपाट पुढे ओढले. रंगारी कपाटामागे जात नाही, ओल मात्र जाते. जोत्यालगत पांढरी खार फुटली होती. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर गेलेली, तिच्यावर लांबी भरलेली. “ही आपल्या काळ्या मातीची सही,” ओव्हरसियर म्हणाले. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असला की तो तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंत तिरकी तडकते. गिलाव्याच्या केसाएवढ्या चिरा बहुतेक घरांत असतात, त्यांना भिऊ नये. ज्या भेगेत नाण्याची कड शिरते, तिला मात्र भ्यावे.

“घ्यायचेच असेल तर श्रावणात पुन्हा पाहा,” त्यांचा निकाल पडला. घरमालक म्हणाले, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे. ते खरे निघाले! आठवड्यात घर गेले. मेहुणे सहा महिने माझ्याशी तुटकच बोलत. त्या घराचे पुढे काय झाले ते मी विचारलेले नाही.

श्रावणात मात्र ते आपण होऊन आले. भर पावसात आम्ही तीन घरे पाहिली. त्यांपैकी एकाचे छत गळत होते, पण पाया मुरमात होता आणि भिंती ओळंब्यात. गळती डोळ्यांसमोर असल्याने मालकाला नाकारता येईना. दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी किंमत कमी झाली. वकिलांकडून तीस वर्षांचा शोध घेतला, फेरफार आणि नगरपंचायतीच्या कराच्या पावत्या तपासल्या. बिल्डरकडून नव्या प्रकल्पात सदनिका घेतली, तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातले दोष त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. जुने घर घेणाऱ्याला हा आधार नाही.

आता प्रश्न ठेकेदाराचा. या विषयात माझा अधिकार मोठा आहे, कारण माझेच घर फसलेले आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी एका ठेकेदाराला तोंडी ठरवून जवळजवळ सगळे पैसे आगाऊ दिले. स्लॅब पडला मे महिन्यात, आणि मी बसलो होतो उत्तरपत्रिका तपासत! पन्नास किलोच्या पोत्याला, एकास दीड, तीन या प्रमाणाच्या काँक्रीटमध्ये तीस लिटरांहून अधिक पाणी घालू नये. मजूर कालवायला सोपे जावे म्हणून सर्रास घालतात. उलट स्लॅब पडल्यावर आळी बांधून पाणी साठवायचे, तेही आमच्या उन्हात निदान दहा दिवस. तिथे माझ्या स्लॅबला दोनच दिवस मिळाले. दिवाणखान्यातली बादली तेव्हापासून कायमची आहे.

मेहुण्यांना म्हणून मी कागद करायला लावला. इथून जवळच सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले तेव्हा झोपडीचा खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये आणि सामान जवळपासचेच असावे, असे त्यांनी आधीच बजावले होते. आमच्या कागदाचा आकडा शंभरात बसणारा नव्हता, पण खर्चाची मर्यादा पहिल्याच ओळीत होती. कामाचे माप, कोणते सिमेंट, माल कोणाचा, कोणत्या टप्प्याला किती पैसे, आणि दहावा हिस्सा एक पावसाळा काढल्यावर. ठेकेदार निवडताना त्याचे चालू काम पाहिले नाही. तीन वर्षांपूर्वी केलेले घर पाहिले आणि तिथल्या गृहिणीला विचारले. ती अर्धा तास बोलत होती.

काम हिवाळ्यात झाले. गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून पाहिले, थेंब आला नाही. यंदा आषाढात मात्र भाडेकरूंचा फोन आला, एका कोपऱ्यात ओल आहे. मेहुणे हवालदिल झाले. दहावा हिस्सा दिवाळीआधीच देऊन टाकायला निघाले होते, तो वहिनींनी कपाटात अडकवून ठेवला होता. ठेकेदार तिसऱ्या दिवशी माणसे घेऊन हजर! पाऊस उघडल्यावर कोपरा फोडून पुन्हा केला, नवरात्रात एक मोठी सर येऊन गेली, आणि वहिनींनी पैसे मोजून दिले.

परवा तो माझ्याकडे मिठाईचा पुडा घेऊन आला. चहा घेता घेता त्याची नजर वर गेली, मग खाली बादलीकडे.

“सर, हे काम कोनाचं जी?”

मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.