गाडी वडिलांची, चाक चिरंजिवांच्या हाती

वडील साताऱ्याला, मुलगा सांगलीला वालचंद महाविद्यालयात. गाडी वडिलांच्या नावावर, विमाही त्यांच्याच नावावर. चालवितात मात्र चिरंजीव. अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत.

यात गैर काही नाही. नोंदणी आणि विमा एकाच नावावर असावा, मुलाजवळ पक्का परवाना असावा, म्हणजे झाले. विलायतेत तरुण चालकाला हप्ता जबर पडतो. तो वाचविण्यासाठी बापाला मुख्य चालक दाखविले तर ती फसवणूक ठरते. आपल्याकडे मोटारीच्या सक्तीच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या घनक्षमतेवर (सीसी) ठरतो, चालकाच्या वयावर नव्हे.

मग मेख कुठे आहे? वाटेत कोणाला इजा झाली, तर त्याची भरपाई विमा कंपनी देते. पण मुलालाच काही झाले तर? पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा ‘मालक-चालका’चा, म्हणजे वडिलांचा असतो. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालविणारा मालकाच्याच जागी असतो, त्रयस्थ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००९ साली निंगम्मा खटल्यात म्हटले आहे.

तेव्हा येत्या पाडव्याला गाडीला हार घालण्यापूर्वी मुलाचा स्वतंत्र अपघात विमा उतरवा. गाडी त्याच्याच नावावर करणार असाल, तर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीलाही कळवा. आणि चिरंजिवांना अजून १८ पुरी झाली नसतील, तर किल्ली कपाटातच राहू द्या. २०१९ च्या कायदादुरुस्तीने अशा वेळी पालकालाच ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.