एक रुपयाचा बोनस

कारखानदारीतले शास्त्र खेळाच्या मैदानावर नेण्याची हल्ली मोठी हौस आहे. प्रशिक्षकाने खेळाडूंपुढे उद्दिष्ट ठेवावे, ते गाठणाऱ्यास बोनस द्यावा, असे व्यवस्थापनाचे पंडित सांगतात. सांगोत बापडे! मला मात्र बोनस म्हटला की शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर आठवतात. ते स्वतः स्टेट बँकेतले. १९६३-६४ साली बँकेच्या संघातून आपला एकुलता एक प्रथम श्रेणीचा सामना खेळलेले. म्हणजे रुपयाचे मोल जाणणारे!

१९८४ साली सचिन तेंडुलकर त्यांच्याकडे आला. दिवस कलून पोरगा खेळून खेळून दमला, की सर स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर सचिनचे.

यातली मेख पाहा. कचेरीत बोनस एकाला मिळतो आणि बाकीचे दुसऱ्या दिवसापासून अंग चोरू लागतात. इथे त्याच एका रुपयासाठी गोलंदाज जीव तोडून धावत येई आणि दमलेला फलंदाज विकेट सोडीत नसे. शिवाय रक्कम एवढीशी, की हरणाऱ्याच्या पोटात दुखू नये. शंभराची नोट ठेवली असती, तर पोरे चेंडू सोडून नोटेकडेच बघत बसली असती, असे आपले मला वाटते.

अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली. ज्यांनी त्याला बाद करून रुपया पटकावला, त्यांनी तो बहुधा वडापाववाल्याच्या हातावर ठेवला असावा.