आडुतुरईचं बियाणं आणि वेनमणीची झोपडी

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत मला प्रश्न आला, "एडीटी २७ म्हणजे काय?" मी सांगितलं : तंजावर जिल्ह्यातल्या आडुतुरईच्या भात संशोधन केंद्राचं वाण, जपानी नोरिन १० आणि आपल्याकडच्या जीईबी २४ यांच्या संकरातून आलेलं, साधारण १०५ दिवसांत तयार होणारं. परीक्षक खूश झाले. मग मी म्हणाले, "सर, हे वाण ज्या जिल्ह्यात पसरलं, त्याच जिल्ह्यात १९६८ साली ४४ दलितांना जाळून मारलं." ते म्हणाले, "तो समाजशास्त्राचा विषय झाला. पुढचा प्रश्न."

आम्ही भंडाऱ्याकडचे. आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली. घरी येऊन तिला हे सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "धान वाढला, तं रोवणाऱ्या बायाले काय भेटलं?" आईचा हा प्रश्न समाजशास्त्राचा नाही, शेतीशास्त्राचाच आहे. तो सोडून शिकवलेलं शेतीशास्त्र अर्धवट आहे.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला भोसल्यांचं राज्य आणि सरस्वती महाल आठवतो. त्या राजवाड्याच्या आसपास पसरलेला कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे तामिळनाडूचं भाताचं कोठार. पाणी भरपूर, माती काळीभोर. पण जमीन मोठ्या मिरासदारांकडे, मठांकडे आणि देवळांकडे. राबणारे बहुतेक पळ्ळर आणि परैयर. त्यांच्यातल्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच मालकाला बांधलेल्या सालदारांना पन्नैयाळ म्हणत. चूक झाली तर चाबकाचे फटके आणि वर शेणाचं पाणी पाजायचं, अशी शिक्षा तिथे प्रसिद्ध होती. कुळांना आणि पन्नैयाळांना संरक्षण देणारा कायदा १९५२ साली आला, तोही शेतमजुरांच्या लढ्याच्या रेट्यामुळे.

राहायचं कुठे? चेरीत, म्हणजे गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत. झोपडी आपली, पण तिच्याखालची जमीन बहुधा मालकाची किंवा देवळाची. मजुरी वाढवून मागितली, तर कामाबरोबर छपरावरही पाणी सोडायची पाळी. ज्या जागेवर झोपडी आहे ती मजुराच्या नावे करणारा कायदा व्हायला १९७१ साल उजाडलं.

अशा जिल्ह्यात १९६० च्या सुमारास सघन शेती जिल्हा कार्यक्रम आला. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने देशात आधी सात जिल्हे निवडले, त्यातला एक तंजावर. निवडीचा निकष सरळ होता : जिथे हमखास पाणी आहे तिथे सुधारित बियाणं, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्या, उत्पादन लवकर वाढेल. देशाला धान्य हवं होतं, हे खरंच आहे. पण हा सगळा संच जमीन असलेल्या माणसासाठी होता. खत टाकायला शेत लागतं. कर्जाला सातबाऱ्यासारखा कागद लागतो. तंजावरात कित्येक कुळं तोंडी करारावर कसत होती, त्यांच्याकडे कागदच नव्हता. आणि मजुराचं तर या संचात नावही नव्हतं.

अभ्यासकही कुठे उतरायचे ते बघा. १९६१-६२ मध्ये आंद्रे बेतेई तंजावरच्या एका गावात राहून जात, वर्ग आणि सत्ता यांचा अभ्यास करत होते. ते राहिले अग्रहारात. त्यामुळे चेरीत मोकळेपणाने जाणं त्यांना अवघड झालं, हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण विचार करा, जातीचाच अभ्यास करणाऱ्याची ही गत, तर पिकाची पाहणी करायला आलेला अधिकारी कोणाच्या ओसरीवर बसत असेल?

१९६० च्या दशकाच्या मध्यावर एडीटी २७ आलं. कुरुवै हंगामात ते झपाट्याने पसरलं, कारण ते कमी दिवसांत येत होतं आणि एकाच शेतात दुसरं पीक घेता येत होतं. आता इथे नीट लक्ष द्या. कुरुवैची कापणी पावसाच्या तोंडावर येते आणि लगेच थालडीची रोवणी उरकायची असते. म्हणजे मालकाला मजूर ठरावीक दिवसांत, घाईने आणि भरपूर लागतात. त्या आठवड्यांत मजुराच्या हातात ताकद येते. पूर्व तंजावरच्या दलित मजुरांनी ती ओळखली. लाल बावट्याखाली त्यांची संघटना आधीपासून होती. त्यांनी मजुरीत मापभर का होईना, जास्त भात मागितलं. मालकांनी भात उत्पादकांचा संघ काढला आणि बाहेरगावचे मजूर आणायला सुरुवात केली.

२५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेनमणीच्या चेरीवर हल्ला झाला. बाया, लेकरं, म्हातारीकोतारी एका लहानशा झोपडीत लपली. ती झोपडी पेटवली. ४४ जण गेले. खालच्या कोर्टाने संघाच्या प्रमुख जमीनदाराला शिक्षा दिली, पण मद्रास उच्च न्यायालयातून तो सुटला. मोठ्या जमिनींची, गाड्याघोड्यांची मालक असलेली माणसं स्वतः चालत जाऊन घरं पेटवतील हे पटण्यासारखं नाही, असा न्यायालयाचा सूर होता. श्रीमंती हाच निर्दोष असल्याचा पुरावा ठरला.

आपल्यातले काहीजण म्हणतात, हरितक्रांतीनेच वेनमणी घडवलं. मला हे मान्य नाही. बियाण्याने कोणाला जाळलं नाही. उलट त्या बियाण्याने मजुराला भाव मागायची संधी दिली. ती संधी दलिताने वापरली, हे मालकांना सहन झालं नाही. पीक वाढलं, जमीन आणि जात होती तिथेच राहिली, म्हणून वाढलेल्या पिकाचा वाद आगीपर्यंत गेला. दोष संकराचा नाही. संशोधनाने एकरी किती पोती हे मोजलं आणि दर माणशी किती मापं हे मोजलंच नाही, हा दोष आहे.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. १९१८ सालीच त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मागणी केली की शेती हा सरकारी उद्योग असावा, जमीन गावातल्या लोकांना जातपात न पाहता सामूहिकपणे कसायला मिळावी आणि जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत. ते ऐकलं असतं, तर आडुतुरईचं बियाणं चेरीतल्या माणसाच्याही शेतात पडलं असतं.

मी हे लिहितेय ते तुमच्यासाठी, घरातल्या पहिल्या पदवीधरांसाठी. आपल्यातले अनेकजण आज कृषी सहायक आहेत, बँकेत पीककर्ज बघतात, विद्यापीठात पीएचडी करतात. आपल्याला वाण पाठ आहेत, उतारा पाठ आहे. त्याबरोबर आणखी तीन रकाने आपल्या वहीत असू द्या : या पिकात मजुरी किती गेली, राबणाऱ्याचं घर कोणाच्या जागेवर आहे, आणि आपण गावात गेलो तेव्हा आधी कोणाच्या दारात बसलो. वरिष्ठ म्हणतील, हा आपला विषय नाही. म्हणू द्या. त्या परीक्षेत मी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून पूर्ण दिलेलं नाही. पण आता कुठल्याही नव्या वाणाचा अहवाल हातात आला की मी पहिल्यांदा तोच प्रश्न समासात लिहिते. तुम्हीही लिहा. जय भीम.