उंदरांवरचा प्रयोग आणि घरातली हळद : हिशेब जुळतो का?

‘पाकीटबंद खाण्यातल्या रसायनाने शुक्राणू घटतात, हळद खा, सगळं भरून निघेल’, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यावर हळदीच्या गोळ्याही खपतात. मूल होत नाही म्हणून आधीच खर्चात पडलेली जोडपी त्या घेतात. त्यामुळे या दाव्यात दम किती, हे पाहणं गरजेचं आहे.

लोणची, सॉस, सरबतं, थंड पेयं यांना बुरशी धरू नये म्हणून सोडियम बेन्झोएट घालतात. पाकिटावर त्याचा क्रमांक २११. नर उंदरांना ते मोठ्या प्रमाणात दिल्यावर शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन घटल्याचं प्रयोगांत दिसलं. लोखंड गंजावं तशी पेशींची झीज होते. हळदीतलं कर्क्युमिन ही झीज रोखतं. वेगवेगळ्या विषारी पदार्थांनी उंदरांच्या वृषणाला होणारी इजा त्याने कमी झाल्याचंही दिसलंय. इथपर्यंत गोष्ट खरी.

खरी मेख प्रमाणात आहे. अशा प्रयोगांत उंदराला वजनाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देतात. माणसासाठी हिशेब करताना हा आकडा साधारण सहाने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के धरलं, तर रोज ३३ ग्रॅम, म्हणजे दहा-अकरा चमचे हळद! शिवाय ते रक्तात फार कमी उतरतं. भाजीतल्या चिमटीने हे साधणार नाही. गोळ्यांनी साधेल म्हणावं, तर इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली.

दुसरीकडे, उंदरांना बेन्झोएटही अनेकदा किलोमागे शेकडो मिलिग्रॅम दिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने माणसाची रोजची मर्यादा २०२१ मध्ये किलोमागे ५ वरून २० मिलिग्रॅम केली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ च्या फेरतपासणीत ५ च ठेवली होती. ५ धरली तर १५ किलोच्या पोराला दिवसाला ७५ मिलिग्रॅमच चालतं. त्यामुळे काळजी घ्यायची ती आधी लेकरांच्या थंड पेयांची.

सांगली-हिंगोलीच्या हळदीला भाव मिळायलाच हवा. पण खोट्या दाव्यावर चढलेला भाव टिकत नाही. पाकिटावरचा २११ वाचणं फुकटात होतं. आणि मूल होत नसेल तर गोळ्यांआधी नवरा-बायको दोघांचीही तपासणी करून घ्यावी, एकट्या बाईची नव्हे.