ताटाऐवजी पैसे नकोत

गावाहून पुण्यात आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, जेवणाचा मात्र भरवसा नसतो. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये शहरांतील वसतिगृहांत खानावळीऐवजी भोजनाची रक्कम थेट बँक खात्यात देण्याचे धोरण आणले. त्याविरोधात त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे नकोत, खानावळ द्या, ही त्यांची मागणी रास्त होती. मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो. सरकारी रकमेचा हप्ता लांबला की सकाळ वडापाववर आणि रात्र उधारीवर निभावावी लागते. त्यातच घरची नड निघाली, तर कात्री पोटालाच लागते.

रोख रकमेमुळे निवडीचे स्वातंत्र्य मिळते, ठेकेदाराची पाणचट डाळ आणि कच्च्या पोळ्या यांतून सुटका होते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यावर उपाय खानावळच बंद करणे हा कसा? धान्य-भाजीची खरेदी आणि हिशेब विद्यार्थ्यांच्या भोजन समितीसमोर ठेवा. तिच्या सहीशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर करू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र जेवत. त्या मुलांच्या शिध्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. जेवण हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे त्यांनी ओळखले होते. शिवाय नवख्या मुलाच्या ओळखी पंगतीत होतात, बँक खात्यात होत नाहीत. जिथे वसतिगृह तिथे खानावळ, हाच सरकारचा नियम असायला हवा.