खाऊची प्रयोगशाळा : पांढरं चॉकलेट कोकोचं की दुधाचं?

दोस्तांनो, राजगड चढताना तुम्ही कुठली वाट धरता? गुंजवण्याची की पालीची? पाली म्हणजे बल्लाळेश्वराची नव्हे बरं का! ती रायगड जिल्ह्यात. ही आपली पुणे जिल्ह्यातली, वेल्ह्याकडची पाली. राजगडाच्या अगदी पायथ्याला. या गावावरूनच गडाच्या पाली दरवाज्याला नाव पडलं.

तर समजा, एप्रिलमधला एक रविवार आहे आणि तुम्ही पालीच्या वाटेनं निघाला आहात. सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन चॉकलेटं आहेत, एक तपकिरी आणि एक पांढरं. ऊन मी म्हणतंय. पाली दरवाज्याशी पोचून बघता तर काय, दोन्ही चॉकलेटं लिबलिबीत! संध्याकाळी घरी आल्यावर ती पुन्हा घट्ट होतात, पण तपकिरी चॉकलेटवर पांढरट भुरा दिसायला लागतो. ही बुरशी का? मुळीच नाही. चॉकलेटमधली चरबी वितळून वर आली आणि तिथंच गोठली, एवढंच. ते खाल्लं तरी काही बिघडत नाही. पांढऱ्या चॉकलेटवरही तसंच होतं, पण पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार?

आता एक प्रश्न. दोन्ही चॉकलेटं एकाच उन्हात सारखीच कशी वितळली? याचं उत्तर मिळालं, की 'पांढरं चॉकलेट हे खरं चॉकलेट आहे का?' या तुमच्या वर्गातल्या भांडणाचाही निकाल लागेल.

एका बीची दोन लेकरं

कोकोच्या फळातल्या बिया आधी आंबवतात, वाळवतात आणि भाजतात. मग त्यांची टरफलं काढून गर वाटला, की दाट तपकिरी लगदा तयार होतो. या लगद्यात निम्म्याहून थोडी जास्तच चरबी असते. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांच्या नावावर १८२८ सालचं एक पेटंट आहे, ही चरबी दाबून वेगळी काढण्याचं. लगदा यंत्रात दाबला, की फिकट पिवळी चरबी बाहेर येते. तिचं नाव कोको बटर. मागे उरलेली कोरडी पेंड दळली, की झाली कोको पावडर.

तपकिरी चॉकलेटमध्ये ही दोन्ही भावंडं असतात. पांढऱ्यात मात्र एकच, कोको बटर! त्यात कोको पावडर नाही म्हणून तपकिरी रंग नाही आणि कडवटपणाही नाही. कोको बटर, दूध पावडर, साखर आणि थोडा व्हॅनिलाचा वास, झालं पांढरं चॉकलेट. नेस्ले कंपनीनं ते १९३० च्या दशकात युरोपात बाजारात आणलं.

कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. आपलं अंग असतं ३७ अंशांच्या आसपास. म्हणून चॉकलेट हातात घट्ट राहतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. पण वैशाखात पारा ३८-४० वर गेला, की त्याचा सॅकमध्येच निकाल लागतो.

तर वर्गातल्या भांडणाचा निकाल असा : पांढरं चॉकलेट कोकोच्याच घरातलं, पण वाढलं मात्र दुधाच्या घरी. अमेरिकेत २००४ सालापासून कायदाच आहे, की पांढरं चॉकलेट म्हणायचं तर त्यात कोको बटर निदान २० टक्के आणि दुधाचे घन पदार्थ निदान १४ टक्के हवेत, आणि साखर ५५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आकडे नीट वाचलेत ना? म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत ५५ ग्रॅमपर्यंत साखर असू शकते. तेव्हा पांढरं चॉकलेट घालून काही करायचं असेल, तर वरून साखर घालायची घाई करू नका.

वेष्टन वाचायला शिका

भोरला, पुण्याला किंवा कुठल्याही मोठ्या बाजारात केकच्या सामानाच्या दुकानात गेलात, तर पांढऱ्या लाद्यांच्या दोन तऱ्हा दिसतील. एक स्वस्त आणि एक महाग. दिसायला जुळ्या बहिणी! स्वस्त लादीवर बहुतेक वेळा 'कंपाउंड' असा शब्द असतो. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं. म्हणजे कोकोच्या घरचं जे एकच माणूस होतं, तेही गेलं!

कंपाउंड वाईट असतं का? तसं नाही. ते उन्हाळ्यात जास्त टिकतं, सहज गोठतं आणि खिशाला परवडतं. पण ते जिभेवर तसं विरघळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं. स्वस्ताचं घ्यायचं की महागाचं, हे तुम्ही ठरवा. फक्त साचवलेल्या पैशांतून कंपाउंड घेऊन ते खरं चॉकलेट समजू नका. कोणी कंपाउंडला चॉकलेटचे पैसे मागितले, तर तेही ओळखता आलं पाहिजे. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. जो पदार्थ वजनानं सर्वांत जास्त, तो यादीत पहिला असतो. 'कोको बटर' हे शब्द शोधा. सापडले नाहीत, तर काय ते समजा.

आपल्या कोकमाची कमाल

आता एक गंमत सांगते. भोरवरून वरंधा घाट उतरलं की महाड, म्हणजे कोकण आलं. कोकणात कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर तरंगतं ते तेल काढून घेतात आणि ते गार झाल्यावर त्याचे पांढरट गोळे वळतात. हेच कोकमाचं तेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या, की आजी हाच गोळा शोधते ना? ही चरबी कोको बटरची दूरची बहीण शोभेल अशी आहे, आणि उन्हाला जरा जास्तच चिवट. युरोपात २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ज्या सहाच वनस्पती चरबी थोड्या प्रमाणात चालतात, त्यांत कोकमाची आहे, आणि आंब्याच्या कोयीतलीही! म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कोकमाची चरबी चॉकलेटमध्ये घालून पाहिली. चॉकलेट उष्णतेला जास्त टिकावं म्हणून केलेलं हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं.

पण म्हणून आजीच्या टाचांचा गोळा चॉकलेटमध्ये घालू नका हं! तो औषधाच्या डब्यातच बरा.

खव्यासारखं वागवा

पांढरं चॉकलेट हाताळायचं कसं? पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं, की जेमतेम किलोभर खवा होतो. त्या वेळी आई काय करते? आच मंद ठेवते आणि कढईपाशी उभी राहते. दुधातली प्रथिनं आणि साखर फार तापली, की करपतात. पांढऱ्या चॉकलेटमध्येही हेच दोन पदार्थ भरपूर, म्हणून तेही तपकिरी चॉकलेटपेक्षा लवकर बिघडतं. सावकाश भाजलेल्या खव्याला जसा गुलाबी रंग येतो आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याची ती खमंग चव येते, तसं फ्रान्समध्ये पांढरं चॉकलेटही मंद भाजून सोनेरी करतात. तिथल्या व्हालरोना कंपनीनं २०१२ साली असं चॉकलेट विकायलाही आणलं. पण ते झालं कसबी हातांचं काम. आपण आधी नुसतं वितळवायला शिकू या.

ओव्हन नको, मायक्रोवेव्ह नको. एका पातेल्यात चार बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. (लहान दोस्तांनी हे काम मोठ्या माणसाला सांगावं.) चॉकलेट बारीक किसून कोरड्या स्टीलच्या वाडग्यात घ्या. वाडगा पातेल्यावर ठेवा. त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. हळूहळू ढवळा. वाडगा हाताला कोमट लागला पाहिजे, चटका बसता कामा नये. थोडे तुकडे उरले असतानाच वाडगा खाली उतरवा. ते आतल्या उबेनं विरघळतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : एक तर पाणी अजिबात नको, नाहीतर पुरेसं हवं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले, तर त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. ओला चमचा, झाकणावरची वाफ, कशानंही घात होतो. तसं झालं तर टाकून देऊ नका! दोन-तीन चमचे गरम दूध घालून घोटा. साखर विरघळेल आणि छान दाट सॉस होईल. वडी नाही झाली तरी पोळीबरोबर फस्त!

या नियमाच्या दोन्ही बाजू आजमावायला आता दोन पदार्थ.

१. पाणी अजिबात नको : कुरकुरीत टेकड्या

साहित्य : पांढरं चॉकलेट १०० ग्रॅम, कोरडे भाजलेले कुरमुरे १ वाटी, भाजून सोललेले शेंगदाणे मूठभर, चांगली वाळलेली २ आमसुलं.

कृती : आमसुलं कात्रीनं अगदी बारीक कापा. चॉकलेट वर सांगितल्याप्रमाणे वितळवा. त्यात कुरमुरे आणि दाणे घालून हलकेच हलवा, शेवटी आमसुलाचे तुकडे घाला. तूप लावलेल्या ताटात चमच्यानं छोट्या छोट्या टेकड्या घाला. फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतात. फ्रिज नसेल तर हा खाऊ थंडीच्या दिवसांत करा. डिसेंबरातल्या रात्री ताट जाळीखाली ठेवलं, की सकाळी टेकड्या तयार!

२. पाणी पुरेसं हवं : करवंदी श्रीखंड

साहित्य : चक्का पाव किलो, पांढरं चॉकलेट १०० ग्रॅम, दूध अर्धी वाटी (साधारण ५० मिलिलिटर), पिकलेली करवंदं १ वाटी, साखर २ चमचे.

कृती : चक्का अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. गार चक्क्यात चॉकलेट घातलं, तर त्याच्या गुठळ्या होतात. दूध उकळून किसलेल्या चॉकलेटवर ओता. दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून कडेकडे ढवळत जा. चकचकीत सॉस झाला, की कोमट होऊ द्या आणि थोडा थोडा चक्क्यात घालून फेटा. यात साखर घालायची नाही. ती चॉकलेटमध्ये आहेच! करवंदं धुऊन, बिया काढून, दोन चमचे साखरेबरोबर पाच मिनिटं शिजवा आणि गार झाल्यावर श्रीखंडावर घाला.

आमसूल आणि करवंदच का, असं विचाराल. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कडवटपणा नाही, त्यामुळे नुसतं गोड-गोड खाऊन जीभ कंटाळते. तिला आंबट सोबती हवा. परदेशात त्यासाठी रासबेरी वापरतात. पालीसारख्या डोंगराकडेच्या गावातल्या मुलांना एप्रिल-मेमध्ये करवंदाच्या जाळ्या शोधायला कुणी शिकवावं लागत नाही. मग पावसाच्या तोंडावर जांभळं येतात आणि थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. चॉकलेटची वडी बाजारातून आणावी लागेल, पण तिला चव आणणारा जोडीदार तुमच्या रानातच आहे. घरची म्हैस असेल तर चक्काही घरचाच!

उरलेलं चॉकलेट कसं ठेवाल? घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात आणि कांदा-लसूण, मसाल्यांपासून लांब. पांढऱ्या चॉकलेटला उजेडानं लवकर खवट वास येतो, आणि शेजारचा वास तर ते लगेच उचलतं. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलंत, तर गोडा मसाला चॉकलेट खायची तयारी ठेवा!

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या किंवा दुकानातल्या तीन पांढऱ्या चॉकलेटांच्या वेष्टनांवरची घटकांची यादी वहीत उतरवा. पहिला घटक कोणता? कोको बटर किती जणांत आहे? तुमच्या गावात पांढऱ्या चॉकलेटला शोभेल असं कोणतं आंबट फळ मिळतं, तेही लिहा.

पुढच्या आठवड्यात भेटू या. तेव्हा बघू, एकाच दुधातून खरवस घट्ट आणि बासुंदी पातळ कशी होते. तोवर वाडगा कोरडा ठेवा आणि आच मंद!