ओहोटीची जागा रिकामी नसते

७ सप्टेंबर २०२५ चा रविवार आठवतोय? लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला आणि तिथेच अडकला. भरती चढत होती, मूर्ती काही तराफ्यावर जाईना. शेवटी विसर्जन झालं ते रात्री ९ च्या सुमारास. दिवसभर अख्खी मुंबई टीव्हीसमोर बसून ओहोटी कधी ते विचारत होती.

गंमत म्हणजे आपल्याकडे याचं जुनं गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. आणि पूर्ण भरती होती साडेअकराच्या पुढेमागे! एका ओळीचा अल्गोरिदम, ना ॲप ना नेटवर्क.

पण आपल्याला समुद्र आठवतो तो अडला की. २०१३ च्या गणपतीत गिरगावात पाकट माशांनी कित्येकांना डंख मारले, तेव्हा आपण सरळ 'हल्ला' म्हणून मोकळे झालो. अहो, पाकट उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून बसतो. त्याच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. आपल्या घरात शिरून कोणी आपल्याला तुडवलं तर आपण काय करू?

माझा मुद्दा एवढाच, की भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली जागा रिकामी नसते. खरं तर तिथे राहणं महाकठीण. दिवसातून दोनदा पाणी निघून जातं, खडक तापतो, पावसाळ्यात वरून गोडं पाणी पडतं. म्हणून कालवं शिंपले घट्ट मिटून आत पाणी धरून ठेवतात, सी-ॲनिमोन अंग आक्रसून गोळा होतात, खेकडे कपारीत शिरतात. हे सगळं हाजीअलीच्या खडकांवर, सिग्नलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर.

कोस्टल रोडसाठी समुद्रात १०० हेक्टरहून जास्त भराव पडला. २०२० मध्ये हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या. चांगलंच केलं. पण का केलं? तर प्रवाळांचं नाव वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे म्हणून. त्याच खडकावरच्या कालवांना आणि साध्या खेकड्यांना कोण विचारतो? यादीत नाव नाही म्हणजे अस्तित्वच नाही, असा हा हिशेब.

मी रस्त्याच्या विरोधात नाही. ट्रॅफिकमध्ये मीही अडकतो. पण भराव टाकण्याआधी तिथे कोण राहतं याची पूर्ण यादी हवी, फक्त कायद्यातल्या नावांची नको. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर नेऊन तिथले प्राणी दाखवतात, नोंदी ठेवतात. हौशी लोकांना जे जमतं, ते एवढ्या मोठ्या प्रकल्पांना जमू नये?

तोवर आपण निदान बघायला तरी जाऊ या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप आत जाते. अशा एखाद्या रविवारी चांगले बूट घाला, पाय जपून टाका, दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा, आणि घरी काही आणू नका. मॉल काय, संध्याकाळीही उघडाच असतो.

बघा, पटतंय का.